वेट स्क्रबर चालू असूनही चिमणीतून काजळी पडते: तपासणी कुठून सुरू करायची

फेब्रुवारी महिना होता. कारखाना द्राक्षपट्ट्यातला, गाळप जोरात चालू. सकाळच्या शिफ्टला एक शेतकरी बॉयलर हाऊसच्या ऑफिसात आला आणि त्याने वर्तमानपत्राच्या कागदातली पुडी टेबलावर सोडली. आत मूठभर बेदाणे होते. हिरवट, अर्धवट सुकलेले, आणि प्रत्येक मण्यावर दोन-चार काळे ठिपके. त्याने आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाला, "सायेब, हे धुऊन निघत नाही." मी एक मणी चिमटीत घेऊन चोळला. ठिपका पसरला, पण निघाला नाही. वाळत घातलेला मणी चिकट असतो, त्यावर बसलेली बगॅसची, म्हणजे भट्टीत जाळलेल्या उसाच्या चिपाडाची, राख त्यातच रुतते. त्याच्या शेडमध्ये जाळ्यांवर वर्षाची कमाई पसरलेली होती.

आमच्या चिमणीला वेट स्क्रबर होता, पंप चालू होता, पॅनेलवर हिरवा दिवा होता. तरीही काजळी त्याच्या शेडपर्यंत गेली होती. साखर कारखान्यात बॉयलरच्या बाजूला माझे २४ हंगाम गेले. या काळात वेगवेगळ्या कारखान्यांत हाच दोष मी इतक्या वेळा काढला आहे, की तपासणीचा एक क्रम आता पक्का झाला आहे. तो इथे लिहितो, कारण बहुतेक ठिकाणी सुरुवात चुकीच्या टोकाकडून होते. आधी फॅन उघडतात, मग डिझाइनला दोष देतात. पाण्याकडे मात्र सगळ्यात शेवटी बघतात. माझ्या अनुभवात स्क्रबरचं दुखणं बहुतेक वेळा पाण्यातच निघालं आहे.

नव्याने बॉयलरला आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. बगॅस जळल्यावर धुराबरोबर राख आणि न जळलेले कोळशाचे कण उडतात. स्क्रबरमध्ये त्या धुरावर नोझलमधून, म्हणजे फवारा पाडणाऱ्या तोंडांतून, पाण्याचे बारीक थेंब मारतात. कण थेंबाला धडकतो, ओला होतो, जड होतो आणि पाण्याबरोबर खाली हौदात जातो. स्वच्छ झालेला वायू पुढे चिमणीला जातो. सगळं काम कण आणि थेंब यांच्या टकरीवर चालतं, हे डोक्यात असलं की पुढची प्रत्येक तपासणी का करायची ते आपोआप कळतं.

लक्षणं: काय पडतंय ते आधी हातात घ्या

"काजळी पडते" ही एक तक्रार वाटते, पण त्यात दोन वेगळे आजार असतात आणि त्यांचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. म्हणून मी कुठल्याही यंत्राला हात लावण्याआधी दोन पांढऱ्या इनॅमलच्या थाळ्या मागवतो. एक चिमणीपासून शंभरेक मीटरवर वाऱ्याच्या दिशेला ठेवायची, दुसरी जिथून तक्रार आली तिथल्या गच्चीवर. चार तासांनी दोन्ही बघायच्या.

लांबच्या थाळीत कोरडे, हलके, काळे कण असतील आणि फुंकर मारल्यावर उडत असतील, तर स्क्रबर कण पकडतच नाही. ही कोरडी काजळी. तिच्यासोबत सहसा चिमणीचा धूर राखाडी किंवा काळपट दिसतो आणि चिमणीतल्या वायूचं तापमान वाढलेलं असतं.

जवळच्या थाळीत वाळलेल्या थेंबांचे गोल डाग असतील, कडा गडद आणि मध्यभाग फिका, तर स्क्रबरने कण पकडले आहेत, पण पकडलेलं पाणीच वायूबरोबर वर चाललं आहे. ही ओली काजळी. ऑफिससमोरच्या गाड्यांच्या काचांवर चिखलाचे शिंतोडे दिसतात ते हेच. थेंब जड असल्यामुळे ती लांब जात नाही.

आणखी तीन खुणा नोंदवून ठेवा. आयडी फॅन (भट्टीतला वायू ओढून चिमणीकडे नेणारा पंखा) पूर्वीपेक्षा जास्त थरथरतो का? स्क्रबरच्या आधीचा आणि नंतरचा दाब यांतला फरक बदलला आहे का? चिमणीतलं तापमान किती आहे? बगॅसच्या धुरात मुळातच वाफ भरपूर असते. १५०-१६० अंशांचा वायू पाण्याने नीट भिजला की ६५ ते ७० अंशांच्या आसपास येऊन थांबतो. तिथे ९० दिसत असेल, तर कुठेतरी वायू कोरडाच पुढे निसटतो आहे.

एक गोष्ट दोष नाही, ती म्हणजे पांढरा लोट. ओल्या स्क्रबरच्या चिमणीतून थंडीच्या सकाळी मोठा पांढरा लोट निघणारच, ती वाफ असते. वाफेचा लोट काही अंतरावर विरून जातो आणि मागे काही राहत नाही. धूर असेल तर पांढरा भाग विरल्यानंतरही निळसर किंवा तपकिरी पट्टा आभाळात लांबत जातो. गावकऱ्यांना हा फरक उभं राहून दाखवावा. त्यांना तो लगेच समजतो, आणि मग खरी तक्रार असते तेव्हा तेच आपल्याला अचूक सांगतात.

पहिली तपासणी, बिनखर्ची: काजळी कधी पडते?

फायरमनला विचारा. लॉगबुक बघा. सूट ब्लोइंग (बॉयलरच्या नळ्यांवरची काजळी वाफेने झाडणं) चालू असताना काही मिनिटं चिमणी काळी होते, ते अपेक्षित आहे. मिल थांबून पुन्हा सुरू झाल्यावर, किंवा पावसात भिजलेली बगॅस भट्टीत गेल्यावरही धूर काळा येतो. बगॅसमध्ये नेहमी ५० टक्क्यांच्या आसपास ओलावा असतो. तो दोन-तीन टक्क्यांनी वाढला तरी भट्टी थंड पडते आणि न जळलेला कोळसा उडू लागतो. हा कोळसा सच्छिद्र आणि हलका असतो, पाण्यावर तरंगतो, लवकर भिजतही नाही. स्क्रबरला सगळ्यात जड जाणारा माल हाच.

तक्रारीची वेळ आणि लॉगबुकमधली वेळ जुळली, तर दुखणं भट्टीत आहे. बगॅस फीडर एकसारखा टाकतो का, भट्टीतला ड्राफ्ट (वायूची ओढ) गरजेपेक्षा जास्त ठेवला आहे का, हे आधी बघा. ड्राफ्ट जास्त ठेवला की भट्टीतली राख नुसती उचलून पुढे येते. काजळी दिवसभर एकसारखी पडत असेल, तर पुढे चला.

दुसरी: मीटर खरं बोलतंय का?

मी एकदा पूर्ण दोन दिवस फुकट घालवले, कारण हेडरवरचा (नोझलना पाणी वाटणाऱ्या मुख्य पाइपावरचा) प्रेशर गेज २.५ किलोवर अडकलेला होता आणि मी त्यावर विश्वास ठेवला. तेव्हापासून नियम केला. गेजखालचा कॉक बंद करून दाब सोडायचा, काटा शून्यावर यायलाच हवा. आला नाही तर गेज बदला. दाबातला फरक मोजणाऱ्या नळ्या तर हमखास ओल्या राखेने बुजतात. त्या हवेने फुंकून काढा आणि साध्या यू-ट्यूबमध्ये रंगीत पाणी भरून मोजा. प्लास्टिकची पारदर्शक नळी आणि मीटरपट्टी, एवढाच खर्च. पुढचे सगळे निष्कर्ष या आकड्यांवर उभे राहणार आहेत, म्हणून ही पायरी गाळू नका.

तिसरी: पाण्याचा दाब आणि प्रवाह एकत्र वाचा

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल, तर हे ठेवा. नुसता दाब बघून काही कळत नाही. दाब आणि प्रवाह शेजारी शेजारी लिहिले की पाणी स्वतःच दुखणं सांगतं.

दाब वाढलाय आणि प्रवाह कमी झालाय: नोझल चोक आहेत. दाब पडलाय आणि प्रवाह वाढलाय: एखादं नोझल गळून पडलंय, झिजून मोठं झालंय किंवा आतला हेडर फुटलाय. दोन्ही कमी: पंप, सक्शन स्ट्रेनर किंवा हौदातली पातळी. दोन्ही नेहमीसारखे आणि तरी काजळी: पाण्याची प्रत, वायूचा वेग किंवा स्क्रबरची आतली स्थिती.

फ्लोमीटर नसेल तर पंपाच्या मोटरचा अँपिअर बघा. सेंट्रिफ्यूगल पंपाचा प्रवाह घटला की अँपिअर उतरतो, वाढला की चढतो. सुरुवातीच्या, सगळं ठीक असतानाच्या आठवड्यात हा आकडा पंपाच्या बेडवर ऑईलपेंटने लिहून ठेवावा. नंतर वर्षानुवर्षं उपयोगी पडतो.

दोन्ही कमी असतील तर क्रमाने चला. हौदाची पातळी, सक्शनची जाळी, ग्लँडमधून (पंपाच्या शाफ्टभोवतीच्या पॅकिंगमधून) हवा ओढते का, मोटर नुकतीच रिवाइंड होऊन आली असेल तर फिरण्याची दिशा. उलट्या दिशेनेही पंप थोडं पाणी देतो, त्यामुळे हे लवकर लक्षात येत नाही.

हौदाची पातळी का घटते, हेही समजून घ्या. तासाला ८० टन वाफेचा बगॅस बॉयलर असेल, तर फक्त वायू थंड करण्यात तासाला साधारण ६ ते ७ टन पाणी वाफ होऊन चिमणीतून निघून जातं. तेवढी भर सतत घालावीच लागते. कुणीतरी रात्री या भरीच्या पाण्याचा (मेकअपचा) व्हॉल्व्ह आवळून ठेवला, की सकाळपर्यंत हौदात पाणी कमी आणि गाळ जास्त.

चौथी: नोझल

चालू स्क्रबरमध्ये कुठलं नोझल बंद आहे हे बाहेरून कळतं. फिरवून वापरलेलं पाणी गरम असतं. प्रत्येक नोझलला जाणाऱ्या बाहेरच्या शाखेला हात लावा किंवा तापमान मोजायची गन धरा. ज्या शाखेतून पाणी वाहतं ती गरम लागते, चोक झालेली थंड पडलेली असते. खडूने फुली मारत जा.

एखाददुसरं नोझल बंद असेल तर फार बिघडत नाही. शेजारशेजारची दोन-तीन बंद असतील तर मात्र मधे एक कोरडी वाट तयार होते. वायूला अडथळा कमी मिळतो तिथून तो जास्त जातो, आणि सगळी कोरडी काजळी त्या एका वाटेने पार होते. वीसपैकी तीन नोझल बंद म्हणजे पंधरा टक्के नुकसान, असा हिशेब इथे लागत नाही.

त्या बेदाण्याच्या वेळी हेच निघालं. काढलेलं एक नोझल मी व्हाइसमध्ये धरून करवतीने उभं कापलं. आत राखेचा दगडासारखा घट्ट करडा थर होता आणि त्याच्या पोटात बगॅसच्या तंतूंची जाळी, घरट्यासारखी गुंफलेली. आधी तंतू अडकतो, मग तंतूत राख अडकते, मग त्यावर क्षार बसतात. म्हणजे नोझल साफ करून भागणार नव्हतं. तंतू पाण्यात येतो कुठून, ते शोधावं लागलं. हौदाच्या बाजूने बगॅसचा कन्व्हेयर जात होता आणि त्याचा पत्रा दोन ठिकाणी उघडा होता. वाऱ्याने भुसा सरळ पाण्यात. दोन पत्रे आणि स्ट्रेनरला बारीक जाळी, एवढ्यावर त्या हंगामापुरता प्रश्न मिटला.

साफ करताना लोखंडी सळई घालू नका. तोंडाला ओरखडे पडतात, भोक मोठं होतं आणि थेंब जाड पडतो. नोझल ओलं असतानाच पाण्याच्या जेटने धुवावं, अडलं तर लाकडी काडी वापरावी. झीज तपासायला नव्या नोझलच्या भोकात जेमतेम बसणारा ड्रिल बिटचा दांडा निवडा आणि तोच जुन्यात घालून बघा. ढिला बसला तर नोझल बदला. भोक १० टक्क्यांनी रुंदावलं की क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढतं. पाणी जास्त जातं, पण फवारा राहत नाही, धार होते. आत भोवरा-पट्टी असलेल्या नोझलपेक्षा सर्पिल आकाराची नोझल गढूळ पाण्याला चांगली, असं माझं मत झालं आहे, कारण त्यांत अडकायला जागाच कमी असते.

पाचवी: पाणी किती घाण आहे?

एक लीटरची काचेची उभी नळी प्रयोगशाळेतून आणा, स्प्रेला जाणारं पाणी भरा आणि ३० मिनिटं ठेवून द्या. तळाशी किती थर बसला आणि वर काळा तवंग किती आला, दोन्ही बघा. माझा ठोकताळा असा, की तळाचा थर ५० मिलीच्या वर गेला तर हौदाचं काम होत नाही.

घाण पाण्याने नोझल बुजतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. दुसरं नुकसान लक्षात येत नाही. गरम वायूत शिरताच बारीक थेंब वाफ होऊन उडून जातो, पण त्यात विरघळलेले क्षार आणि तरंगणारी राख वाफ होत नाही. ती कोरडी होऊन तशीच वायूत सुटते. म्हणजे ज्या पाण्याने धूळ पकडायची तेच धूळ पुरवायला लागतं. म्हणून गरम वायू जिथे पहिल्यांदा पाण्याला भेटतो, तिथे शक्य तेवढं स्वच्छ पाणी द्यावं आणि फिरवलेलं पाणी पुढच्या टप्प्याला वापरावं. साखर कारखान्यात कंडेन्सेट, म्हणजे वाफ थंड होऊन झालेलं पाणी, जादा असतं, ते इथे कामी येतं.

पण कंडेन्सेट घेताना त्यात साखर उतरलेली नाही ना, हे बघाच. लॅबमधली अल्फा नॅप्थॉलची चाचणी पाच मिनिटांची आहे, जांभळी कडी दिसली की ते पाणी स्क्रबरला देऊ नका. साखर असलेलं कोमट पाणी हौदात आंबतं, पीएच उतरतो, पत्रा खातं, चिकट लगदा आणि फेस होतो. फेसाबरोबर राख वर चढते आणि ओली काजळी सुरू होते. पीएच पट्टीने रोज बघावा. नुसत्या बगॅसवर तो फार त्रास देत नाही, पण सोबत दगडी कोळसा जाळत असाल तर गंधकामुळे पाणी आम्ल होतं आणि एका हंगामात पाइप चाळणी होतो. चुना घालायचा तर जपून, कारण तोच नोझलमध्ये थर धरतो.

हौद दोन कप्प्यांचा असावा आणि आलटून पालटून उपसावा. तरंगणारा कोळसा अडवायला वरची कड पाण्याबाहेर आणि खालची फूटभर पाण्यात अशी आडवी पाटी पुरते. ती गळून पडली असेल तर सगळा तवंग थेट पंपात जातो.

ओली काजळी असेल तर: पाणी वाढवू नका

इथे सगळ्यात जास्त चूक होते. चिमणीतून काळे थेंब पडायला लागले की शिफ्टवाला विचारतो, "साहेब, अजून एक पंप लावू का?" आणि घाबरलेला माणूस हो म्हणतो. थेंब पडतायत म्हणजे पाणी आधीच वर चाललं आहे. आणखी पाणी म्हणजे आणखी थेंब.

आधी ड्रेनचा वॉटर सील बघा. आयडी फॅन स्क्रबरच्या पुढे असेल, तर स्क्रबरच्या पोटात निर्वात ओढ असते. समजा तिथे पाण्याच्या स्तंभाच्या २५० मिलिमीटर एवढी ओढ आहे. मग ड्रेनचा पाइप हौदातल्या पाण्यात त्याहून बराच जास्त बुडालेला हवा, मी किमान ४५० धरतो. हौदाची पातळी उतरली आणि पाइपाचं तोंड उघडं पडलं, की बाहेरची हवा पाइपातून वर धावते. खाली यायचं पाणी ती अडवून धरते, पाणी तळात साचतं, उसळतं आणि वायूबरोबर वर जातं. सूं असा आवाज येतो, कान दिला तर ऐकू येतो. उपाय हौदाची पातळी वाढवण्याचा. खर्च शून्य. अनेक कारखान्यांत मिस्ट एलिमिनेटर (वायूतले थेंब अडवणाऱ्या पट्ट्या) बदलायची ऑर्डर निघालेली असताना दोष इथे सापडला आहे.

सील ठीक असेल तर मिस्ट एलिमिनेटर. वाकड्या पट्ट्यांमधून वायू वळतो, थेंब वळू शकत नाही, पट्टीवर आपटतो आणि ओघळून खाली येतो. पट्ट्यांमध्ये राख साचली की उरलेल्या फटींतून वायूचा वेग वाढतो आणि ओघळणारं पाणी पुन्हा फाटून उडतं. धुण्याची नोझल चालतात का बघा. धुणं नेहमी खालच्या, म्हणजे वायू येतो त्या बाजूने स्वच्छ पाण्याने व्हायला हवं. पट्टी तुटली असेल तर मिल थांबेल तेव्हाच काम निघेल.

सहावी: वायूच जास्त येतोय का?

पाण्याचं सगळं ठीक निघालं की वायूकडे वळा. बॉयलरमधून वायू बाहेर पडतो तिथे आणि आयडी फॅनच्या आधी, दोन्ही ठिकाणी ऑक्सिजन मोजा. पहिल्या जागी ५ टक्के आणि दुसऱ्या जागी ९ टक्के आला, तर हिशेब असा: २१ वजा ५ म्हणजे १६, २१ वजा ९ म्हणजे १२, सोळाला बाराने भागा. वायू एक तृतीयांशाने वाढला आहे, आणि ती सगळी वाटेत शिरलेली बाहेरची हवा आहे. दाबातला फरक वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात चढतो. फॅन धापा टाकतो, थेंब वर उडतात आणि भट्टीला मात्र ड्राफ्ट कमी पडतो.

गळती एअर हीटरच्या नळ्या, डक्टचे जोड, राखेच्या हॉपरची दारं आणि मॅनहोलच्या दोऱ्यांतून असते. पातळ कागदाची पट्टी धरून फिरा, जिथे ती आत ओढली जाईल तिथे फट आहे. आजूबाजूला बगॅसची धूळ असते, त्यामुळे काडी पेटवून तपासू नका. फटी बुजवायला ॲस्बेस्टॉस नसलेली दोरी आणि एक वेल्डर, दोन दिवसांचं काम.

बॉयलर क्षमतेपेक्षा जास्त चालवला जात असेल, तर त्याला या यादीत उपाय नाही. तसं वरिष्ठांना लेखी कळवा.

शेवटची, बंद पाडून करायची: आतली झीज

उसाबरोबर शेतातली माती आणि वाळू येते. पावसाळा लांबलेल्या वर्षी जास्तच. व्हेंच्युरी स्क्रबरमध्ये वायूची वाट मधेच अरुंद केलेली असते; त्या गळ्यात वायू सेकंदाला ६० ते १२० मीटर वेगाने जातो, तिथे ही वाळू पत्रा घासून काढते. गळा रुंदावतो, वेग पडतो, दाबातला फरक कमी होतो. आणि वेग पडला की बारीक कण निसटतात.

का, ते असं. नदीच्या धारेत दगड असतो. वाहत आलेला ओंडका दगडाला धडकतो, पण पान पाण्याबरोबर वळसा घालून निघून जातं. राखेचा दहा मायक्रॉनचा कण ओंडक्यासारखा असतो, साध्या फवाऱ्यालाही सापडतो. एक मायक्रॉनच्या खालचा कण पानासारखा. त्याला थेंबावर आपटायचं तर धार फार वेगवान हवी आणि थेंब बारीक हवा. वेग म्हणजे फॅनची वीज. नुसत्या स्प्रेच्या स्क्रबरमध्ये ७५-१०० मिलिमीटरच्या दाबफरकावर फार बारीक काजळी पकडण्याची अपेक्षा ठेवू नये, तो त्या यंत्राचा दोष नव्हे.

इथे थांबा आणि जाणत्याला बोलवा

स्क्रबरच्या, डक्टच्या किंवा हौदाच्या आत स्वतः उतरू नका आणि कुणाला उतरवू नका. डक्टमध्ये कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नाही. बंद हौदात आंबलेल्या गाळाला काठीने ढवळलं की हायड्रोजन सल्फाइड सुटतो. जास्त झाला की नाकाला त्याचा वास येणंच बंद होतं आणि माणूस जागेवर कोसळतो. त्याला काढायला उडी मारणारा दुसराही जातो. परमिट, वायूची मोजणी, ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या वर, फॅनचं कुलूपबंद स्विच, २४ व्होल्टचा दिवा, बाहेर दोरी धरून उभा माणूस. यातलं एक जरी नसेल तर काम दुसऱ्या दिवशी. सुरक्षा अधिकाऱ्याला बोलावल्याशिवाय झाकण उघडायचं नाही.

आयडी फॅनची थरथर अचानक वाढली तर फॅन बंद करा आणि बॅलन्सिंगवाल्याला फोन करा. ओली राख पात्यांवर वाळते आणि तिचा एखादा पापुद्रा निखळला की वजन एका बाजूला जातं. घाईत अर्धी पाती धुऊन फॅन चालू करू नका, न धुतलेल्यापेक्षा ते वाईट.

स्क्रबरमध्ये फायबर किंवा प्लास्टिकचे भाग असतील तर त्यांच्या जवळ वेल्डिंग फक्त अग्निशमन माणूस शेजारी असताना, सगळं भिजवून. पाणी बंद आणि गरम वायू चालू अशी स्थिती एक मिनिटही येऊ देऊ नये. पंप ट्रिप झाला तर पॅनेलवर भोंगा वाजलाच पाहिजे, तो नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून आधी तो बसवून घ्या.

आणि वरच्या सगळ्या तपासण्या झाल्या, पाणी ठीक, नोझल ठीक, गळती बंद, तरी धूलिकण मर्यादेखाली येत नसतील, तर हातातलं काम थांबवा. साखर उद्योगाला २०१६ च्या केंद्रीय नियमांनी चिमणीतल्या धूलिकणांची मर्यादा १५० मिलिग्रॅम प्रति सामान्य घनमीटर अशी ठेवली आहे. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून चिमणीतल्या वेगाशी जुळवून नमुना घ्यायला लावा आणि कणांच्या आकाराचंही मोजमाप मागा. बहुतेक कण एक मायक्रॉनच्या खालचे निघाले, तर प्रश्न व्हेंच्युरीचा गळा बदलण्याचा, फॅन मोठा करण्याचा किंवा ईएसपी (विजेच्या भाराने धूळ ओढून घेणारं यंत्र) लावण्याचा आहे. तो डिझाइन करणाऱ्या अभियंत्याचा निर्णय, फिटरचा नव्हे.

त्याला बोलावताना हातात एक वही असू द्या: रोजचा पाण्याचा दाब, अँपिअर, दाबातला फरक, चिमणीचं तापमान, पीएच आणि बगॅसचा ओलावा. मागच्या दोन महिन्यांचे हे सहा आकडे असतील तर तो अर्ध्या दिवसात नेमकं सांगतो, नसतील तर आधी त्याचेही महिने मोजण्यातच जातात.

हंगाम संपला की ज्या दिवशी धुराडं थंड होईल त्याच आठवड्यात सगळी नोझल काढून हेडरची शेवटची टोकं उघडा आणि स्वच्छ पाणी सोडून धुऊन घ्या. जूनपर्यंत राहिली तर आतली राख सिमेंटसारखी आवळते, मग छिन्नी लागते. काढलेली नोझल मोजून, ड्रिल बिटने तपासून, पिशवीत घालून स्टोअरला द्या आणि किती बदलली तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा.